पहिल्या तीन फ्रेटांच्या पलीकडे: गिटारवरचे कॉर्ड आणि स्केल – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्वांत बारीक तार ती पहिली, सर्वांत जाड ती सहावी. फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवरच्या दोन धातूच्या पट्ट्यांमधली जागा, कॉर्ड म्हणजे एकत्र वाजवलेले सूर, स्केल म्हणजे ओळीने वाजवलेले. गिटार नेहमीच्या पद्धतीने लावलेली आहे असं धरलं आहे, म्हणजे सहावीपासून पहिलीपर्यंत ई, ए, डी, जी, बी, ई. कॉर्डची बोटं जाड तारेकडून बारीक तारेकडे फ्रेटच्या आकड्यांत लिहिली आहेत. ० म्हणजे मोकळी तार, × म्हणजे वाजवायची नाही अशी तार.

साधे ओपन कॉर्ड (मोकळ्या तारा असलेले) येतात, गाणी वाजतात. मग पाचव्या फ्रेटच्या पुढे कशाला जायचं?

एकट्याने गाताना खरंच फारसं अडत नाही. अडतं ते दुसरा गिटारवाला शेजारी बसला की. दोघांनी तोच सी कॉर्ड त्याच जागी वाजवला तर आवाज फक्त मोठा होतो, भरत नाही. एकाने खाली ओपन सी धरला आणि दुसऱ्याने आठव्या फ्रेटच्या आसपास बारीक तीन तारा धरल्या, तर तोच कॉर्ड एकदम रुंद वाटतो. शिवाय गाण्याच्या मधल्या जागा भरायला सुरावट लागते, आणि ती पहिल्या तीन फ्रेटांत कोंडते.

फ्रेटबोर्डवरचे सगळे सूर पाठ करावे लागतात का?

हो, पण लोक ज्या पद्धतीने करतात तसे नाही. सहा तारा गुणिले बारा फ्रेट म्हणजे ७२ जागा. बाराव्या फ्रेटपासून सगळं पुन्हा पहिल्यासारखं. पहिली आणि सहावी तार दोन्ही ई असल्याने त्यांचे सूर सारखेच, म्हणजे उरल्या ६०. त्यातही खरं पाठांतर फक्त सहाव्या आणि पाचव्या तारेचं.

सहावी तार: ई मोकळी, एफ १, जी ३, ए ५, बी ७, सी ८, डी १०, पुन्हा ई १२.
पाचवी तार: ए मोकळी, बी २, सी ३, डी ५, ई ७, एफ ८, जी १०, पुन्हा ए १२.

ई-एफ आणि बी-सी शेजारच्या फ्रेटवर आहेत, बाकी सगळ्यांमध्ये एक फ्रेट मोकळा सुटतो. पेटी वाजवणाऱ्याला हे सांगावं लागत नाही: त्या दोन जागी पांढऱ्या पट्ट्यांमध्ये काळी पट्टी नसते.

उरलेल्या तारांसाठी सप्तकाची उडी. सहाव्या किंवा पाचव्या तारेवरच्या सुरापासून दोन तारा खाली (बारीक तारेकडे) आणि दोन फ्रेट पुढे गेलं की तोच सूर वरच्या सप्तकात मिळतो. सहावीवर सी आठव्या फ्रेटला, तर चौथीवर दहाव्याला. पाचवीवर सी तिसऱ्याला, तर तिसरीवर पाचव्याला. चौथी आणि तिसरी तारेपासून मात्र दोन तारा खाली आणि तीन फ्रेट पुढे: चौथीचा दहावा, मग दुसरीचा तेरावा.

सरावाला एक सूर घ्या, समजा सी, आणि सहाही तारांवर त्याची जागा तोंडाने नाव घेत वाजवा: ८, ३, १०, ५, १, ८. दिवसाला एकच सूर. सात दिवसांत पांढऱ्या पट्ट्यांचे सातही सूर होतात. नकाशा छापून भिंतीवर लावणाऱ्यांना तो डोळ्यांनी पाठ होतो, बोटांनी होत नाही.

दुसऱ्या तारेवर आलं की प्रत्येक आकार एका फ्रेटने का सरकतो?

कारण गिटारच्या शेजारच्या दोन तारांमध्ये पाच फ्रेटचं अंतर असतं (सा ते म), फक्त तिसरी आणि दुसरी या जोडीत चार फ्रेटचं (सा ते शुद्ध ग). म्हणूनच पाचव्या फ्रेटवर दाबून पुढची तार लावताना ही एक जोडी चौथ्या फ्रेटवर जुळवावी लागते.

हे मुद्दाम केलेलं आहे. सगळ्या तारा पाचच्या अंतराने लावल्या तर शेवटच्या दोन सी आणि एफ होतील. मग एक बोट सहाही तारांवर आडवं टाकून वाजणारा बार कॉर्ड जमणारच नाही. आकार एक फ्रेट सरकणं ही त्या सोयीची किंमत. नियम एवढाच: कोणताही आकार तिसरीकडून दुसरीकडे नेताना, दुसरी आणि पहिली तारेवरचे सूर एक फ्रेट पुढे.

‘केज्ड’ म्हणजे नक्की काय?

पाच ओपन कॉर्डच्या आकारांची नावं ओळीने: सी, ए, जी, ई, डी. इंग्रजी अक्षरं जोडली की तो शब्द तयार होतो. कोणताही मेजर कॉर्ड (सा, शुद्ध ग, प) फ्रेटबोर्डवर वर सरकत नेला की हे पाच आकार याच क्रमाने येतात आणि मग पुन्हा पहिल्यापासून. सी मेजरचे पाच असे:

सी आकार: × ३ २ ० १ ०
ए आकार: × ३ ५ ५ ५ ३
जी आकार: ८ ७ ५ ५ ५ ८
ई आकार: ८ १० १० ९ ८ ८
डी आकार: × × १० १२ १३ १२

इथपर्यंत सगळीकडे सांगतात. सहसा राहून जातात ते सांधे, म्हणजे दोन शेजारच्या आकारांमध्ये समान असलेला सा (कॉर्डचा मूळ सूर, इथे सी). सी आणि ए आकार पाचव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर जोडलेले आहेत. ए आणि जी तिसऱ्या तारेच्या पाचव्यावर. जी आणि ई सहाव्या तारेच्या आठव्यावर. ई आणि डी चौथ्या तारेच्या दहाव्यावर. डी आणि वरचा सी दुसऱ्या तारेच्या तेराव्यावर. सांध्यावरचं बोट न उचलता बाकीची बोटं एका आकारातून दुसऱ्यात नेऊन पाहा. पाच वेगळी चित्रं पाठ केल्यासारखं वाटणं तिथे थांबतं.

जी आकार पूर्ण धरायचा अट्टहास करू नका. करंगळी आठव्यावर ताणून तो धरणं बहुतेक हातांना जड जातं आणि प्रत्यक्षात कुणी फारसा वाजवत नाही. त्यातल्या तीन-चार तारा घेतल्या तरी पुरे. सी आकार वर सरकवणंही सुरुवातीला अवघड आहे. ए आणि ई हे दोन आकार रोजच्या कामाचे.

दुसरा कॉर्ड घेतला तर क्रम तोच, सुरुवात वेगळी. जी मेजरसाठी ओपन जी आकारापासून निघा, मग तिसऱ्या फ्रेटवर ई आकार, चौथ्या तारेच्या पाचव्यावर सा असलेला डी आकार, आणि पाचव्या तारेच्या दहाव्यावर सी आणि ए आकार.

मायनर कॉर्डसाठी वेगळे पाच आकार शिकायचे का?

नाही. मेजरमधला गंधार एक फ्रेट मागे घ्या, मायनर झाला. प्रश्न फक्त गंधार कोणत्या तारेवर आहे एवढाच: ई आकारात तिसरीवर, ए आकारात दुसरीवर, डी आकारात पहिलीवर. सी आणि जी आकारांत तो दोन-दोन तारांवर येतो, म्हणून त्यांचे मायनर बोटांना गैरसोयीचे होतात.

एफचा बार कॉर्ड महिनोन्‌महिने वाजतच नाही. ताकद कमी पडते का?

क्वचितच. आधी हे समजून घ्या की १ ३ ३ २ १ १ या एफमध्ये तर्जनीला सहा तारा दाबायच्याच नाहीत. पाचवी, चौथी आणि तिसरी तार दुसऱ्या बोटांखाली आहे. तर्जनीचं काम फक्त सहावी, दुसरी आणि पहिली. म्हणून तिचा मधला भाग ढिला राहिला तरी चालतं.

मग वाजत का नाही? बहुधा पुढच्यापैकी एक कारण असतं.

तर्जनी सपाट पडते. सपाट बाजूला सांध्यांच्या वळ्या असतात आणि तार नेमकी त्या खळग्यात बसते. बोट अंगठ्याच्या बाजूला किंचित कलंडवा, हाडाची कड तारेवर येईल. तरीही एखादी तार मुकी राहिली तर बोट दोन-तीन मिलिमीटर वर किंवा खाली सरकवा, म्हणजे वळी दोन तारांच्या मध्ये येईल.

बोट फ्रेटच्या मधोमध आहे. ते धातूच्या पट्टीला लागून हवं, तिच्यावर नाही. मधोमध दाबायला कितीतरी जास्त जोर लागतो.

सगळा जोर अंगठा देतो. कोपर अंगाजवळ घ्या आणि हाताचं वजन किंचित मागे ओढा. अंगठा दुखायला लागला तर पद्धत चुकते आहे, थांबा.

आणि चौथं कारण, जे शिकणाऱ्याच्या हातात नसतं: गिटार. पहिल्या फ्रेटजवळ तार नटला (मानेच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी) अगदी लागून असते, म्हणून तिथे ती सगळ्यात ताठ लागते. त्यात नटच्या खाचा उथळ असल्या तर तार उंच राहते आणि एफ जवळजवळ अशक्य होतो. तपासायला तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटच्या पट्टीवरची फट पाहा. ती कागदाच्या जाडीएवढीच असावी. स्पष्ट दिसण्याइतकी मोठी असेल तर खाचा घासून घ्यायला गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे द्या. स्वतः कानस चालवू नका: खाच एकदा जास्त खोल गेली की मोकळी तार खरखरते. बाराव्या फ्रेटवर अकूस्टिक गिटारच्या सहाव्या तारेची उंची साधारण २ ते २.५ मिलिमीटर ठीक असते. ३ च्या वर असेल तर वरच्या फ्रेटवर जायचा उत्साहच टिकत नाही.

सरावाचा क्रम उलटा ठेवा. हाच आकार पाचव्या फ्रेटवर (५ ७ ७ ६ ५ ५, म्हणजे ए मेजर) आधी बसवा, मग चौथा, तिसरा, दुसरा आणि शेवटी पहिला. तोपर्यंत गाण्यात × × ३ २ १ १ हा छोटा एफ वापरा. तो खोटा एफ नाही, त्यात तिन्ही सूर आहेत.

मेजर स्केलचा कोणता आकार आधी शिकावा?

ज्या कॉर्डला तो चिकटलेला आहे तो. सी मेजरचा ई आकार आठव्या फ्रेटवर आहे, तर स्केलही तिथेच घ्या:

सहावी: ८, १०
पाचवी: ७, ८, १०
चौथी: ७, ९, १०
तिसरी: ७, ९, १०
दुसरी: ८, १०
पहिली: ७, ८, १०

सातव्या फ्रेटला तर्जनी, आठव्याला मधलं बोट, नवव्याला अनामिका, दहाव्याला करंगळी. हात जागचा हलत नाही. सहावीवर सा रे, पाचवीवर ग म प, चौथीवर ध नी सा, पुढे तिसरीवर रे ग म, दुसरीवर प ध, पहिलीवर नी सा रे. आता वरचा ई आकाराचा कॉर्ड यात शोधा: त्याचे सहाही सूर या जाळीत आहेत. कॉर्ड वाजवा, स्केल चढा-उतरा, पुन्हा कॉर्ड. स्केल वेगळं आणि कॉर्ड वेगळा असं शिकल्यामुळेच पुढे ‘स्केल येतं पण गाण्यात कुठे वापरू कळत नाही’ ही तक्रार येते.

हाच आकार पाच फ्रेट मागे नेला की जी मेजर, तीन मागे नेला की ए मेजर. वर सरकाल तसे फ्रेट अरुंद होतात. ६४८ मिलिमीटर तारलांबीच्या गिटारवर पहिला फ्रेट सुमारे ३६ मिलिमीटर रुंद असतो, बारावा सुमारे १९. म्हणून बोटं ताणायचा सराव सातव्या-आठव्या फ्रेटवर सुरू करणं शहाणपणाचं.

पेंटॅटॉनिकचे पाच ‘बॉक्स’ म्हणजे काय? ते रागांशी जुळतात असं ऐकलं.

जुळतात, आणि संगीत ऐकलेल्या मराठी माणसाला ही पायवाट सगळ्यात जवळची आहे. पेंटॅटॉनिक म्हणजे पाच सुरांचं स्केल. सी मेजर पेंटॅटॉनिक म्हणजे सी, डी, ई, जी, ए, अर्थात सा रे ग प ध, भूपाचे सूर. सहाव्या तारेवर हे पाच सूर आठव्या, दहाव्या, बाराव्या, तिसऱ्या आणि पाचव्या फ्रेटवर आहेत. त्या प्रत्येकापासून एक बॉक्स, म्हणजे सहाही तारांवरचा एक आकार, सुरू होतो. आता प्रत्येक बॉक्समध्ये सुरुवातीच्या सुरालाच सा माना:

आठव्यापासून भूप. दहाव्यापासून सा रे म प आणि कोमल नी, म्हणजे मध्यमाद सारंग. बाराव्यापासून सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी, म्हणजे मालकंस. तिसऱ्यापासून सा रे म प ध, दुर्गा. पाचव्यापासून सा, कोमल ग, म, प, कोमल नी, धानी. यालाच आपल्याकडे मूर्च्छना म्हणतात. सूर तेच, सा बदलला की चेहरा बदलतो.

पाचव्या फ्रेटचा हा शेवटचा बॉक्सच जगभर ‘ए मायनर पेंटॅटॉनिक’ म्हणून पहिल्यांदा शिकवतात: सहावी ५, ८, पाचवी ५, ७, चौथी ५, ७, तिसरी ५, ७, दुसरी ५, ८, पहिली ५, ८. मागे ए मायनर कॉर्ड ठेवून तो वाजवा, मग सी मेजर ठेवून तोच वाजवा. पहिल्या वेळी ए वर थांबावंसं वाटेल, दुसऱ्या वेळी सी वर.

एक खबरदारी. जुळतात ते फक्त सूर. चलन, न्यास आणि मींड यांशिवाय राग होत नाही, तेव्हा बॉक्स खालीवर वाजवून मालकंस वाजवला असं कुणाला सांगू नका.

बॉक्समध्येच अडकतो. एका बॉक्समधून दुसऱ्यात जाता येत नाही.

एकाच तारेवर वाजवा. दुसऱ्या तारेवर पूर्ण सी मेजर: १, ३, ५, ६, ८, १०, १२, १३. उभ्या जाळीऐवजी आडवी शिडी. सतारीवर हे आपोआप होतं, गिटारवर मुद्दाम करावं लागतं. नंतर दोन तारांपुरतीच मुभा द्या. आणि दर वेळी सहाव्या तारेपासून सुरू करायची सवय मोडा, कारण ती असली की मधूनच कुठे उतरता येत नाही.

तीन तारांचे छोटे कॉर्ड कुठून सुरू करू?

तिसरी, दुसरी, पहिली या तारांवर. सी मेजरच्या तीन जागा: ५-५-३, ९-८-८ आणि १२-१३-१२ (तिचीच खालची जोडीदार ०-१-०). पहिलीत तळाला सा, दुसरीत ग, तिसरीत प.

आता हात न हलवता गाण्यातले नेहमीचे तीन कॉर्ड जोडा: सी ५-५-३, एफ ५-६-५, जी ४-३-३, पुन्हा सी ५-५-३. सगळं तिसऱ्या ते सहाव्या फ्रेटमध्ये. सी वरून एफ ला जाताना तिसरी तार तशीच राहते, बाकी दोन बोटं थोडी सरकतात. अख्खा बार कॉर्ड उचलून पाच फ्रेट पळवण्यापेक्षा हे कानाला फार गोड लागतं. मायनरसाठी सी असलेल्या तारेचा हिशेब न करता ई शोधा आणि तो एक फ्रेट मागे घ्या: ५-४-३, ८-८-८, १२-१३-११.

गायक म्हणतो ‘काळी दोन’. गिटारवर काय धरू?

पेटीच्या पट्ट्यांची भाषा एकदा पाठ करा. पांढरी एक म्हणजे सी. काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. मग कॅपो, म्हणजे एका फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा:

काळी एक: पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी चे कॉर्ड, किंवा चौथ्यावर लावून ए चे.
काळी दोन: पहिल्यावर डी चे, किंवा तिसऱ्यावर सी चे.
काळी तीन: दुसऱ्यावर ई चे, किंवा चौथ्यावर डी चे.
काळी चार: पहिल्यावर जी चे, किंवा चौथ्यावर ई चे.
काळी पाच: पहिल्यावर ए चे, किंवा तिसऱ्यावर जी चे.

कॅपो धातूच्या पट्टीच्या लगेच मागे लावा आणि लावल्यावर तारा पुन्हा जुळवा. घट्ट कॅपोने सूर चढतो.

खाली सूर जुळतात, वरच्या फ्रेटवर मात्र कॉर्ड बेसूर होतो. का?

आधी हात तपासा: जोरात दाबलं किंवा तार नकळत बाजूला ओढली की सूर चढतो. नंतर तारा, कारण जुन्या, गंजक्या तारा वरच्या फ्रेटवर कधीच नीट जुळत नाहीत. दोन्ही ठीक असेल तर बाराव्या फ्रेटच्या पट्टीवर बोट नुसतं टेकवून, न दाबता, तार छेडा (हा हार्मोनिक) आणि मग तिथेच तार दाबून वाजवा. दोन्ही सूर एकच हवेत. दाबलेला सूर चढा असेल तर तारेची लांबी कमी पडते, सॅडल (खालच्या टोकाला तार टेकते ती पट्टी) मागे न्यावं लागेल. इलेक्ट्रिक गिटारवर हे स्क्रूने घरीच होतं. अकूस्टिकवर सॅडलचं हाड घासून घ्यावं लागतं, ते कारागिराचं काम.

तानपुऱ्यासोबत वाजवताना गंधार चढा वाटतो. कान चुकतात का?

कान बरोबर आहेत. फ्रेट समान अंतराच्या बारा सुरांसाठी बसवलेले असतात, त्यात सा ते शुद्ध ग हे अंतर ४०० सेंट येतं (एका फ्रेटचे १०० सेंट). तानपुऱ्याच्या तारेतून उमटणारा स्वयंभू गंधार सुमारे ३८६ सेंटवर असतो. हे १४ सेंट फ्रेट मागेपुढे न करता काढता येत नाहीत. तानपुरा चालू असताना मेजर कॉर्ड टाळून फक्त सा आणि प वाजवले तर ठिणगी उडत नाही.

रोज किती वेळ आणि काय करू?

वीस मिनिटं, पण रोज. पाच मिनिटं एका सुराच्या सहा जागा. सात मिनिटं एक स्केल आणि त्याचा कॉर्ड, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० ठोक्यांवर, एका ठोक्याला एक सूर. चार वेळा सलग न चुकता झालं तरच ६४. उरलेली आठ मिनिटं गाणं, पण ओपन कॉर्ड न वापरता. नेहमीचं, पाठ असलेलं गाणं घ्या. अनोळखी गाण्यात डोकं कॉर्ड शोधण्यात जातं आणि फ्रेटबोर्ड बघायचा राहून जातो.